वाळूला आलेली उकळी

मी नोकरीला लागले ते कापसाच्या वाईट वर्षांत. राळेगावच्या रस्त्याला, वस्तीपासून थोडं आत, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उपटलेली झाडं, जाळून वीज करणारा एक छोटा कारखाना उभा राहिला होता आणि त्यांना बॉयलरचं पाणी तपासायला केमिस्ट हवा होता. जाहिरातीत 'हवा' असंच छापलं होतं, 'हवी' असं नव्हतं. मी यवतमाळच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील कचेरीत कारकून. मी बी.एड. करून शाळेत लागावं अशी त्यांची इच्छा होती, आणि मला शाळेचा कंटाळा होता. मुलाखतीत कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "शिफ्टमध्ये सगळे पुरुष आहेत. जमेल का?"

मी म्हटलं, "पाण्याला त्यानं काही फरक पडत नाही, सर."

त्यांना हसू आलं. पुढच्या सोमवारपासून मी सकाळच्या एसटीनं जायला लागले.

बॉयलरवर मुख्य माणूस होता तो मिस्त्री. पन्नाशी ओलांडलेला, उंच, एका कानानं थोडं कमी ऐकणारा. पांढरकवड्याच्या एका तेलगिरणीत त्याचं अर्धं आयुष्य बॉयलरपुढं गेलेलं. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं बॉयलरचं सर्टिफिकेट त्यानं काचेत मढवून कंट्रोल रूममध्ये टांगलं होतं. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, मी मिस्त्रीकाका म्हणायचे. तो मला मॅडम म्हणायचा, पण त्या 'मॅडम'मध्ये थोडं मीठ असायचं. पहिल्याच दिवशी मी बाटली घेऊन नमुना घ्यायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पाणी तं पाणीच असते. त्याले तपासाचं काय?"

त्याचं उत्तर पाण्यानंच महिन्याभरात दिलं.

बॉयलरच्या वर लोखंडाचा एक मोठा आडवा ढोल असतो. त्यात खाली पाणी आणि वर वाफ. पाण्याची पातळी बाहेरून दिसावी म्हणून त्याला काचेची उभी नळी जोडलेली असते. एका सकाळी त्या काचेतलं पाणी वेड्यासारखं वरखाली व्हायला लागलं. क्षणात काच भरून जायची, क्षणात अर्धी रिकामी. टर्बाइनवाले ओरडू लागले की वाफेबरोबर पाणी येऊन राह्यलं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस पाण्याला हसत असला तरी त्याला भिऊन असतो.

"काच खोटं बोलली का मंग आपल्याले समजतच नाही," तो मला म्हणाला. "पाणी आहे म्हणून आपण बसतो, अन् नळ्या वर कोरड्या जळतात. तवा भल्ला तापला का त्याच्यावर पाणी शिंपडून पाहा. ते उकळत नाही, गोळी होऊन पळते. लोखंडाले लागतच नाही. तसंच नळीत होते. गिरणीत एक नळी अशीच फुटली होती माझ्या डोळ्यापुढं."

पुस्तकात मी हेच वाचलं होतं. उकळताना धातूवर बारीक बुडबुडे सुटत राहिले तर ते उष्णता घेऊन जातात आणि धातू थंड राहतो. पण बुडबुडे फार झाले, एकमेकांना चिकटून त्यांचा पडदा झाला, की पाणी धातूपासून तुटतं आणि उकळणंच मंदावतं. मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मिस्त्री ते भाकरीच्या तव्यावरून सांगत होता आणि त्याचं सांगणं माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं.

मी नमुना घेऊन लॅबमध्ये पळाले. पाण्यातले क्षार जितके असायला हवेत त्याच्या कितीतरी पट झाले होते. बॉयलरच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह असतो, तो थोड्या थोड्या वेळानं उघडून खारं झालेलं पाणी सोडून द्यायचं असतं. उष्णता वाया जाते म्हणून तो आठवडाभर कोणी उघडलाच नव्हता. क्षार साचले, बुडबुड्यांच्या साली चिवट झाल्या, ते फुटेनात, आणि ढोलात फेस चढला. मी हे सांगितल्यावर मिस्त्रीनं डोकं खाजवलं.

"फेसच असन तं थोडं तेल सोडून देऊ का? घरी तुरीच्या डाळीत बायका सोडतातच ना. तेलाचा थेंब पडला का डाळ उतू जात नाही."

हे खरं होतं. माझी आईही डाळीच्या आधणात हळद आणि तेलाचा थेंब टाकायची. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं लॅबमध्ये चला."

एका परीक्षानळीत बॉयलरचंच पाणी घेतलं, त्यात सरकीच्या तेलाचे चार थेंब टाकले, दिव्यावर चांगलं उकळलं आणि हलवून त्याच्या हातात दिलं. नळी तोंडापर्यंत फेसानं भरली. बॉयलरच्या पाण्यात अल्कली असते. तेलाचा तिथे साबण होतो. मिस्त्रीनं नळी उजेडात धरून पाहिली, वास घेतला, आणि जाऊन व्हॉल्व्ह उघडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काचेतलं पाणी शांत उभं राहिलं. त्यानंतर त्याच्या 'मॅडम'मधलं मीठ कमी झालं.

खरी परीक्षा पुढं होती, आणि ती पाण्याची नव्हती.

आमच्या बॉयलरखालच्या भट्टीत जाळी नव्हती. तळाशी लोखंडी पत्रा, त्याला शेकडो बारीक तोंडं, आणि त्यावर गुडघाभर वाळू. खालून पंख्यानं जोरात हवा सोडली की ती वाळू उचलली जाते, तिच्यात बुडबुडे उठतात, फुटतात, आणि सगळी वाळू डाळीसारखी रटरट उकळायला लागते. वाळूचा कण कण कोरडा, पण अख्खी रास मात्र पातळ पदार्थासारखी हलते. ती लालभडक तापवायची आणि तिच्यावर बारीक केलेली पऱ्हाटी टाकायची. पडल्या पडल्या पेट घेते. वाळू सारखी घुसळत असल्यानं उष्णता सगळीकडं सारखी राहते. या वाळूला आम्ही बेड म्हणायचो. निरीक्षणाच्या छोट्या काचेतून मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. लाल वाळूवर फुगे उठत होते आणि फुटताना ठिणग्यांचा फवारा उडत होता. इतकं देखणं यंत्र मी पाहिलं नव्हतं, आणि आजही पाहिलेलं नाही.

त्या वर्षी कार्तिकातच आमचं यार्ड पऱ्हाटीनं भरलं. एरवी ती माघ-फाल्गुनात येते, सगळ्या वेचण्या झाल्यावर. साहेब खूश होते. दिवाळी झाली न झाली तोच ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आणि त्याच पंधरवड्यात बेड बसायला लागला.

बसला म्हणजे काय, तर उकळता उकळता वाळू निजली. एका जागी लाल, एका जागी काळी. पऱ्हाटी वर तशीच पडून धुमसते, वाफ उतरते, वीज बंद. मग सगळं विझवायचं, दोन दिवस थंड होऊ द्यायचं, आणि माणसांनी आत उतरून सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, वाळू फोडायची. वाळू कुठली, खंगरच ते. विटभट्टीतल्या जळक्या विटेसारखे गोळे, काही डोक्याएवढे. मी एक गोळा लॅबमध्ये आणला. वाळूचे कण काचेसारख्या चकचकीत लेपानं एकमेकांना चिकटले होते.

दुसऱ्यांदा बेड बसला तेव्हा भट्टी बनवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर पुण्याहून आला. हुशार माणूस होता, घाईत होता. त्यानं आकडे पाहिले आणि सांगितलं, हवा वाढवा. हवा वाढवली. दोन दिवस बेड जोरात उसळला. इतके मोठे बुडबुडे उठायला लागले की प्रत्येक फुटण्याबरोबर ओंजळभर वाळू वर उडून राखेत जायची, आणि बारीक पऱ्हाटी न जळता धुरांड्याकडं पळायची. वाळू कमी झाली. चौथ्या दिवशी बेड पुन्हा बसला. इंजिनिअर तोवर पुण्याला पोचला होता.

मला कोणी विचारलं नव्हतं. माझं काम पाण्याचं. पण मला दिसत होतं की सगळे भट्टी मेल्यावर तिच्याभोवती जमतात, आणि मला ती मरायच्या आधी पाहायची होती.

बेडच्या शेजारी भिंतीवर काचेची एक यू नळी होती, रंगीत पाण्याची. तिचं एक तोंड वाळूच्या खाली जोडलेलं, दुसरं वाळूच्या वर. हवा वाळूचं किती वजन उचलते आहे ते त्या पाण्याच्या उंचीवरून कळतं. तासातासाला मिस्त्री तिचा आकडा वहीत लिहायचा. मी ती वही चाळली. आकडे इतके सारखे होते की मला ते खटकलं. वर एवढी उकळी फुटते आहे, प्रत्येक बुडबुडा फुटताना खाली धक्का बसायला हवा, आणि नळीतलं पाणी शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं उभं? मी नळीच्या बुडाशी हात घातला. तिथे एक छोटा कॉक होता, जवळजवळ पूर्ण दाबून बंद केलेला.

बेड पुन्हा सुरू झाल्यावर मी तो उघडला. पाणी नाचायला लागलं. तीन बोटं वर, तीन बोटं खाली, उकळत्या डाळीवरच्या झाकणासारखं थडथड. मी मोडक्या स्टुलावर बसून राहिले आणि माझ्या वहीत उंची न लिहिता नाच लिहायला लागले. किती बोटं, एवढंच. लिहून झालं की कॉक पुन्हा होता तसा दाबून ठेवायचे.

पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी तीनच. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन. तापमान ठीक, वाफ ठीक, सगळे निवांत. चौथ्या दिवशी सकाळी आले तर एक बोटसुद्धा नाही. जेवायच्या सुट्टीत मिस्त्री डबा उघडून बसला होता. मी त्याला म्हटलं, "काका, आज चारच्या आत बेड बसेल."

त्यानं भाकरी खाली ठेवली. "काहून असं बोलता, मॅडम? आत्ताच पाहून आलो मी. चांगला चालून राह्यला."

"चालतोय. पण त्याच्यातले बुडबुडे मरताहेत."

साडेतीनला बेड बसला. मिस्त्री माझ्याकडं आला तेव्हा मला वाटलं रागावेल. तो स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "आता सांगा मले. कसं समजलं?"

मी त्याला माझी वही दाखवली. त्यानं सगळी वाचली. कॉकबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही.

बुडबुडे मरताहेत हे कळलं, पण का मरताहेत ते कळत नव्हतं. ते मला यार्डात कळलं. तिथे पऱ्हाटीची मुळं तोडणाऱ्या बायकांची टोळी होती आणि त्यांच्यावर केळापूरकडची एक बाई होती, चाळिशीतली, स्वतःचं वावर असलेली. मी तिला ताई म्हणायचे. मी ढिगातून एक काडी ओढली. ती लवचीक होती, सालीखाली हिरवी, वर पानं आणि न उमललेली वाळकी बोंडं तशीच.

"ताई, ही इतकी हिरवी कशी?"

"हिरवी नाही तं काय असन? कापूस येवाचाच नाही तं पऱ्हाटी कायले उभी ठेवाची? बोंडं सडली यंदा. उपटली अन् हरभरा पेरला लोकायनं." तिनं विळा थांबवला नाही. "आमच्या वावरातलीबी याच ढिगात आहे. तो तिकडचा कोपरा."

मी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. दर सकाळी यार्ड भरलेलं पाहून मलाही बरं वाटायचं. इतक्या लवकर ते कशामुळं भरलं हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मला लाज वाटली, पण ताईला माझ्या लाजेचा काही उपयोग नव्हता. मी तिच्याकडून तिच्या कोपऱ्यातल्या चार काड्या मागून घेतल्या आणि मागच्या वर्षीच्या जुन्या ढिगातल्या चार घेतल्या.

लॅबमध्ये दोन्हींचे तुकडे करून शुद्ध पाण्यात भिजत घातले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाण्यांत क्षार मोजायचं मीटर बुडवलं. जुन्या काडीचं पाणी जवळजवळ साधं होतं. हिरव्या काडीच्या पाण्यात मीटरचा काटा थेट वर गेला. हिरव्या झाडात, पानात, बोंडात पोटॅश भरपूर असतं. झाड वाळत जातं, पानं गळतात, दवापावसानं ते धुऊन जमिनीत परत जातं. ही पऱ्हाटी मध्येच उपटली गेली होती, सगळं पोटॅश अंगात घेऊन आली होती. भट्टीत ते वितळायचं, वाळूच्या कणांना लेप बसायचा, कणाला कण चिकटायचा. चिकट वाळूत बुडबुडा धरत नाही. हवा मग एखादं भोक पाडून सरळ निघून जाते आणि आजूबाजूची वाळू निजते.

मला खात्री होती. पण साहेबांना ती माझ्या तोंडून पटली नसती, म्हणून मी ती दाखवायचं ठरवलं. लॅबमध्ये पाणी मऊ करायच्या यंत्राची एक जादा पारदर्शक नळी पडली होती, मनगटाएवढी जाड. तिच्या तळाला दुहेरी मांजरपाट बांधला. इलेक्ट्रिशियनकडून मोटारीतली धूळ उडवायचा ब्लोअर आणला. वर्धा नदीची वाळू चाळून नळीत भरली. मिस्त्रीला आधी बोलावलं.

ब्लोअर हळूहळू वाढवला. आधी काही नाही, मग वाळू थोडी फुगली, आणि मग एकदम उकळी फुटली. तळातून बारीक बुडबुडे निघून वर येता येता एकमेकांत मिसळून मोठे व्हायचे आणि वर फुटायचे. मी त्यात एक प्लास्टिकचा चेंडू टाकला, तो तरंगला. मिस्त्रीनं खिशातून एक नट काढून टाकला, तो बुडाला. इतकी वर्षं यंत्रांबरोबर काढलेला तो माणूस खाली वाकून त्या नळीकडं पाहत राहिला.

"वीस महिने झाले हिले चालवून राह्यलो," तो म्हणाला, "अन् पोटात काय होते ते आज पाह्यलं."

मग मी वाळू एका ताटात काढली, तिला गुळाच्या पाण्याचा हलका हात लावला आणि पुन्हा नळीत भरली. ब्लोअर सुरू केला. वाळू थोडी कुरकुरली, एका कडेनं तिला भोक पडलं, हवा त्यातून फुसफुसत निघून गेली. बाकी सगळी रास निपचित. ब्लोअर जास्त केला तर भोक मोठं झालं, एवढंच. हेच पुण्याच्या इंजिनिअरनं आमच्याकडून करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर हेच केलं. त्यांनी दोनदा करायला लावलं. मग माझी नाचाची वही पाहिली, आणि मग त्यांचं लक्ष नको तिथे गेलं.

"पण ही नळी तर पहिल्या दिवसापासून तिथे आहे. आधी हे कोणाला दिसलं कसं नाही?"

"कॉक दाबलेला होता, सर. पाणी फार हललं की आकडा वाचता येत नाही."

"कोणी दाबला?"

मला माहीत होतं. मी म्हटलं, "सर, तो वाचायला सोपं जावं म्हणून दाबलेला होता. बऱ्याच ठिकाणी तसं करतात." ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

"म्या दाबला, साहेब," मिस्त्री म्हणाला. "आकडा वहीत नीट यावा म्हणून दाबला. पाणी नाचते ते मले खराबी वाटत होती. चूक माझी आहे."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग नळीकडं. "आता उघडा ठेवा," एवढंच ते म्हणाले. बाहेर आल्यावर मिस्त्री मला म्हणाला, "तुम्ही नाव नाही घेतलं म्हणून मले घ्यावं लागलं, मॅडम." तो ते तक्रार केल्यासारखं बोलला, पण त्या दिवशी त्यानं डब्यातली अंबाडीची भाजी अर्धी माझ्या ताटात वाढली.

पुढचा प्रश्न सोपा नव्हता. साहेबांचा पहिला विचार हिरवी पऱ्हाटी घेणंच बंद करायचा होता. फाटकावर तसा फलक लावायला त्यांनी सांगूनही टाकलं. मी दुपारी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले.

"सर, पऱ्हाटी वाईट नाही. ती फक्त लवकर आली आहे. तिला जे शेतात व्हायचं होतं ते आपण यार्डात होऊ देऊ."

"म्हणजे?"

"ढीग लावायचा नाही, पेंढ्या उभ्या करायच्या, मध्ये वारा जाईल अशा. पानं आणि बोंडं झोडून काढायची, मुळांची माती झटकायची. पाच-सहा आठवडे ऊन द्यायचं. तोवर जुनी पऱ्हाटी, तुराट्या आणि भंडाऱ्याकडून धानाचा कोंडा. आणि दर शिफ्टला बेडमधली थोडी वाळू खालून काढून तिच्या जागी नवी टाकायची, म्हणजे चिकट कण साचणार नाहीत."

"आणि हे करून पुन्हा बसला तर?"

"तर नळी सहा तास आधी सांगेल, सर. तेव्हाच भट्टी विझवून वाळू खाली काढून घेऊ. सब्बल लागणार नाही."

ते बराच वेळ पेन फिरवत बसले. मग त्यांनी फलक लावायला निघालेल्या माणसाला परत बोलावलं.

पेंढ्या उभ्या करायचं काम ताईच्या टोळीनं केलं. मी पहिल्या दिवशी त्यांच्यात उभी राहून किती अंतर हवं ते दाखवायला गेले तेव्हा ताई म्हणाली, "तुम्ही बाजूले व्हा, बाई. तिळाच्या पेंढ्या आम्ही लहानपणापासून उभ्या करून राह्यलो." खरंच तिला काही सांगायची गरज नव्हती. आठवड्याभरात यार्ड छोट्या छोट्या झोपड्यांच्या गावासारखं दिसायला लागलं. पौषात एकदा अवकाळी पाऊस आला. साहेब खिडकीत उभे राहून चरफडत होते. मी बादली घेऊन पेंढ्यांखालून वाहणारं चहासारखं पाणी गोळा केलं आणि मीटर लावलं. काटा वर गेला. तेवढं पोटॅश आता भट्टीत जाणार नव्हतं. मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पावसात भिजलेली पाहून आधी चहा मागवला.

पेंढ्यांतली वाळलेली पऱ्हाटी बेडवर टाकायला सुरुवात झाली त्या दिवशी मिस्त्री सकाळपासून यू नळीपुढं उभा होता. पाणी तीन बोटं नाचलं. दुसऱ्या दिवशी तीन. आठव्या दिवशी तीनच. मध्ये एकदा दोनवर आलं, तर त्यानं मला न विचारताच चार घमेली वाळू जादा काढली, कोंडा वाढवला, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा तीन बोटांवर नेलं. मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा वहीत आकड्यांच्या शेजारी त्यानं स्वतः पट्टीनं एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'नाच'. होळीपर्यंत भट्टी एकदाच बंद झाली, तीही टर्बाइनच्या कामासाठी.

पुण्याचा इंजिनिअर पुढच्या भेटीला आला तेव्हा त्यानं ती वही मागून घेतली आणि नळी कुठे जोडली, कॉक किती उघडा, हे सगळं लिहून नेलं. त्यानं मिस्त्रीला विचारलं की ही पद्धत कोणाची. मिस्त्री म्हणाला, "आमच्या मॅडमची. त्या पाण्यातल्या आहेत, पण वाळूतलंबी समजते त्यायले."

पुढच्या वर्षी कापूस बरा झाला. पऱ्हाटी फाल्गुनात आली, वाळलेली, कडक, काडी मोडली की कट् आवाज करणारी. ताई त्या वर्षी टोळीत उशिरा आली, कारण तिच्या वावरात वेचणी लांबली होती. ती आली तेव्हा हसत होती. मी विचारलं कसं काय, तर म्हणाली, "यंदा तुमच्या भट्टीले थांबा लागलं, बाई. थांबू द्या."

मी तिथे आणखी तीन वर्षं काढली. मग उमरखेडकडच्या एका साखर कारखान्यात मोठी जागा निघाली. तिथे उसाचं चिपाड जळायचं आणि बॉयलर आमच्यापेक्षा चौपट मोठा होता. वडिलांनी या वेळी बी.एड.चं नाव काढलं नाही. त्यांनी एसटीचं वेळापत्रक आणून दिलं आणि वरच्या खिशातला पेन काढून सोयीच्या गाड्यांवर खुणा केल्या. पहिल्या दिवशी तिथल्या बॉयलरच्या मुख्य माणसानं मला लॅबची किल्ली दिली आणि सांगितलं की केमिस्टला खाली यायची गरज पडत नाही, नमुने वर पाठवले जातील. मी किल्ली घेतली, आभार मानले आणि त्याला विचारलं की हेल्मेट कुठे मिळेल. त्यानं कपाटाकडं बोट दाखवलं. एक माझ्या मापाचं सापडलं, आणि आम्ही दोघं जिना उतरून बॉयलरकडं गेलो.